पदयात्रेचा मार्ग कोणता निवडावा? : गीतेतील चार शब्द

तीर्थयात्रेला पायी निघावे असा संकल्प मनात उठला म्हणजे गृहस्थापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मार्गाचा. नर्मदामातेची परिक्रमा करावी, पंढरीच्या वारीत चालावे, केदारनाथाचा डोंगर चढावा, की काशीची पंचक्रोशी करून समाधान मानावे? हा प्रश्न बहुधा ‘यांत श्रेष्ठ यात्रा कोणती?’ अशाच शब्दांत विचारला जातो. आणि तो या शब्दांत विचारला गेल्यामुळेच त्याचे उत्तर हाती लागत नाही.

ग्रंथांना विचारावे, तर प्रत्येक ग्रंथ वेगळे सांगतो. काशीखंड वाचणाऱ्यास काशीवाचून दुसरे क्षेत्र दिसत नाही. रेवाखंड वाचणाऱ्यास वाटते की, नर्मदेचे नुसते दर्शन घडले तरी पुरे. व्रजमाहात्म्य ऐकले की पावले मथुरेकडे वळू पाहतात. यात विरोध आहे असे समजणे ही मात्र चूक होय. मीमांसाशास्त्रात ‘नहिनिंदा न्याय’ म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. एका गोष्टीस कमी लेखणारे वाक्य तिच्या निंदेसाठी नसून दुसऱ्या, विधान केलेल्या गोष्टीच्या स्तुतीसाठी असते, असे तो सांगतो. घरातील पाचही मुलांना आईने निरनिराळ्या वेळी ‘तूच माझा लाडका’ असे म्हणावे आणि पाचही वेळा ते खरे असावे, तसाच हा प्रकार आहे. माहात्म्यग्रंथ श्रद्धा जागवितात. मात्र अमुक मनुष्याने अमुक वर्षी कोणत्या वाटेने जावे, हे सांगण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतलेले नाही.

ते काम गीतेने केले आहे. आणि तेही यात्रेचा शब्द न उच्चारता.

विवेचन नुसते हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पावे. बडोद्यातील एक निवृत्त शिक्षक आहे. गायकवाडांच्या राजवटीत तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घराण्यांपैकी त्याचे एक. वय ६१. घरी पत्नी आहे आणि ८४ वर्षांची आई आहे. धाकटा भाऊ नाशकास असतो. निवृत्तिवेतनात घर नीट चालते, पण शिल्लक फारशी उरत नाही. चढ उतरताना उजवा गुडघा दुखतो. त्याचा एक मित्र दोन वर्षांपूर्वी नर्मदा परिक्रमा करून आला. तेव्हापासून ‘परिक्रमा म्हणजेच यात्रा, बाकीची सगळी सहल’ असे तो भेटेल त्यास ऐकवितो. भाचा केदारनाथाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर पाठवितो. एक शेजारी दरवर्षी काशीस जातो. शिक्षकाने एक वही केली असून तिच्या प्रत्येक पानावर एकेका यात्रेचे नाव लिहिले आहे. सहा महिने झाले. वही भरत गेली, पण पाऊल उंबऱ्याबाहेर पडले नाही.

अशा मनुष्याने गीतेचा अठरावा अध्याय उघडावा. तेथे ज्ञान, कर्म आणि कर्ता यांचे गुणांनुसार तीन तीन प्रकार वर्णिले आहेत. तामस कर्माचे लक्षण २५ व्या श्लोकात येते. त्याचा आशय असा की, अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चारांचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते, ते तामस कर्म. यात एक गोष्ट सहसा वाचकांच्या नजरेतून सुटते. कर्म स्वरूपतः वाईट असले पाहिजे, असे या श्लोकात कोठेच म्हटलेले नाही. त्याचा रोख कर्माच्या आरंभावर आहे. म्हणून दान, व्रत, यात्रा यांसारखी पुण्यकर्मेही त्याच्या कक्षेत येतात. किंबहुना त्याची खरी गरज तेथेच आहे. कारण पापकर्म करताना मनुष्य निदान कचरतो, पुण्यकर्म करताना मात्र विचार करणे हाच श्रद्धेचा अभाव आहे असे त्यास वाटू लागते.

श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या चार शब्दांचे अर्थ मोजक्या अक्षरांत दिले आहेत. अनुबंध म्हणजे कर्मामागून पुढे येणारी गोष्ट. क्षय म्हणजे ते कर्म करीत असता होणारा शक्तीचा वा द्रव्याचा ऱ्हास. हिंसा म्हणजे प्राण्यांना होणारी पीडा. आणि पौरुष म्हणजे हे कर्म शेवटास नेण्याइतके आपले सामर्थ्य. शेवटल्या अर्थात ‘आरंभ करण्याचे’ सामर्थ्य न सांगता ‘समाप्त करण्याचे’ सामर्थ्य सांगितले आहे, हे विशेष ध्यानात ठेवावे. आरंभास उत्साह पुरतो.

आता या चार शब्दांनी शिक्षकाच्या वहीची पाने तपासून पाहावीत.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तीर मिळून परिक्रमेचे अंतर सुमारे २६०० किलोमीटर होते. धरणांच्या जलाशयांमुळे पडणारे वळसे धरले तर त्याहूनही अधिक. जुन्या प्रथेप्रमाणे ती ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांची. आज पुष्कळ लोक कार्तिक शुद्ध एकादशीनंतर निघून पावसाळ्यापूर्वी ती पुरी करतात. रोज २० किलोमीटर चालले तरी १३० दिवस लागतात. मध्ये विसावा, आजारपण, सण धरले तर पाच महिने सहज जातात. नदी सदैव उजव्या हातास ठेवावयाची आणि तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, हा या परिक्रमेचा प्राण आहे. दक्षिण तीराने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत जावे, कठपोरच्या बाजूने नावेत बसून खाडी पार करावी, पलीकडे मिठीतलाईस उतरावे आणि उत्तर तीराने पूर्वेकडे वळावे, असा तिचा क्रम आहे.

अनुबंधाचा प्रश्न येथे उभा राहतो. बडोदे नर्मदेच्या उत्तरेस आहे. शिक्षक दक्षिण तीरावर असता आईचा आजार बळावल्याचा निरोप आला, तर घरी पोहोचण्यास त्याला नर्मदा ओलांडावीच लागेल, आणि ओलांडली की परिक्रमा खंडित होईल. त्या क्षणी दोन धर्म समोरासमोर उभे राहतील. निर्णय कोणताही घेतला तरी मनास टोचणी राहील. एकात आईची, दुसऱ्यात संकल्पाची. काहींना हा प्रसंग भक्तीची कसोटी वाटतो. परंतु ८४ वर्षांच्या मातेच्या बाबतीत असा निरोप येणे ही काही अकल्पित आपत्ती नव्हे. तो निघतानाच दिसणारा अनुबंध आहे. जे दिसत होते त्याकडे पाठ फिरवून निघावे आणि पुढे त्यास दैवी परीक्षा म्हणावे, यालाच गीतेने मोह म्हटले आहे. ज्याच्या घरी असा पाश नाही, किंवा ‘आईचे काही झाले तर परिक्रमा तेथेच सोडीन, आणि त्याचे दुःख करणार नाही’ असे ज्याने निघण्यापूर्वीच घरच्यांसमक्ष ठरविले आहे, त्याची गोष्ट वेगळी. काही परिक्रमावासी टप्प्याटप्प्यानेही चालतात. ज्या ठिकाणी थांबले तेथूनच पुढील वर्षी पुन्हा निघतात. शुभ कर्माचा आरंभ करणाऱ्याची गती वाया जात नाही, हे सहाव्या अध्यायाच्या ४० व्या श्लोकातील आश्वासन अशा यात्रेकरूस लागू पडते. परंतु ते अपुरे राहिलेल्या प्रयत्नासाठी आहे. अविचारी आरंभाला परवाना म्हणून त्याचा उपयोग करू नये.

अनुबंधात आणखी एक व्यक्ती येते, आणि बहुतेक गृहस्थ तिला विसरतात. ती म्हणजे पत्नी. पाणिनींनी ‘पत्नी’ हा शब्दच यज्ञसंबंधाने सिद्ध केला आहे. यज्ञात जी सहभागी ती पत्नी. यात्रा ही गृहस्थाच्या धर्मकर्मांपैकी एक असेल, तर ‘मी पाच महिने जातो, घर आणि आई तू सांभाळ’ हे वाक्य शास्त्रदृष्ट्याही चमत्कारिक ठरते. त्यात अर्धे कर्म एकाचे आणि सगळा भार दुसऱ्याचा, अशी वाटणी होते. शिक्षकाच्या वहीत सहा महिन्यांत पत्नीच्या इच्छेचा एकदाही उल्लेख नव्हता.

काशीच्या पंचक्रोशीचा अनुबंध यामानाने फार हलका. ज्ञानवापीपाशी संकल्प, मणिकर्णिकेवर स्नान, आणि मग क्षेत्रास उजव्या हाताला ठेवून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा या मुक्कामांवरून पुन्हा मणिकर्णिका. एकूण सुमारे ८० किलोमीटर. पाच-सहा दिवसांत ती निवांत पुरी होते, मुक्कामी धर्मशाळा आहेत, आणि कोणत्याही टप्प्यावरून नगरात परतणे अवघड नाही. शिवरात्रीस काही जण ती एका रात्रीत धावतपळत उरकतात. त्यांची हौस त्यांना लखलाभ असो. साठीच्या गृहस्थाने त्या वाटेस जाऊ नये.

दुसरा शब्द क्षय. द्रव्याच्या बाबतीत महाभारताचे वनपर्व फार स्पष्ट आहे. पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थांची महती सांगू लागतात तेव्हा आरंभीच म्हणतात की, यज्ञास पुष्कळ साधने लागतात, म्हणून ते दरिद्री मनुष्याच्या आवाक्यात नसतात. तीर्थयात्रा मात्र त्यालाही घडू शकते. एवंच, यात्रेचे वैशिष्ट्यच हे की ती निर्धनाचा यज्ञ आहे. असे असता कर्ज काढून, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडून किंवा आईच्या औषधांत काटकसर करून यात्रेस जाणे म्हणजे तिच्या मूळ हेतूवरच पाणी सोडणे होय. त्याच ठिकाणी पुलस्त्यांनी हेही सांगितले आहे की, ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत तोच तीर्थाचे फळ भोगतो. पाय ताब्यात असणे याचा अर्थ भलत्या ठिकाणी न जाणे असा घेतात, आणि तो योग्यच आहे. परंतु पाय किती चालू शकतात हे जाणून तेवढेच चालविणे, हाही त्याचा एक अर्थ घेण्यास हरकत नसावी.

शक्तीच्या क्षयाचा विचार करताना नुसते एकूण अंतर पाहू नये. अंतर, चढ, ऋतू आणि सलग दिवस ही चारही पाहावीत. पंढरीची वारी सुमारे २५० किलोमीटरची. देहूहून तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस व आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची अष्टमीस निघते. आषाढ शुद्ध दशमीस त्या पंढरपुरी पोहोचतात. म्हणजे अठरा-वीस दिवसांचे चालणे. पहिला मार्ग लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज असा जातो. दुसरा सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असा. आणि वाखरीस दोन्ही एकत्र येतात. या दोहोंत कोणता घ्यावा, असे परप्रांतीय भाविक पुष्कळदा विचारतात. वारकऱ्यांमध्ये हा प्रश्नच नसतो. ज्याच्या घराण्याची दिंडी ज्या पालखीमागे, त्याचा मार्ग तो. पण नव्याने येणाऱ्यास एवढे सांगता येईल की, ज्ञानेश्वर महाराजांच्या वाटेवर आरंभीच पुणे ते सासवड हा सुमारे ३० किलोमीटरांचा लांब टप्पा व त्यात दिवे घाट येतो, आणि तो दिवस बहुधा एकादशीच्या उपवासाचा असतो. ज्याचे पाय अद्याप तयार झालेले नाहीत त्याला तो टप्पा जड जातो. वारीत सामान वाहनावर असते, जेवणाची व मुक्कामाची व्यवस्था दिंडी करते, आणि शेजारी चालणारा मनुष्य अभंग म्हणत असतो. त्या नादात निम्मे श्रम विसरतात. मात्र पाऊस असतो. ओली वस्त्रे, ओली जमीन आणि पायाला आलेले फोड यांची तयारी मनात ठेवूनच निघावे.

केदारनाथाचे गणित याच्या उलट आहे. गौरीकुंडापासूनचा पायी मार्ग १६ किलोमीटर. पूर्वी तो १४ होता. २०१३ च्या जून महिन्यातील महापुरात रामबाडा नष्ट झाला आणि पुढची वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या तीराने काढावी लागली. १६ किलोमीटर म्हणजे वारीतील एका दिवसाइतकेही नाही, असे वहीत मांडलेला हिशेब सांगतो. पण या १६ किलोमीटरांत सुमारे १६०० मीटरांची चढण आहे, आणि मंदिर ३५८३ मीटर उंचीवर आहे. तेथील हवाच विरळ. सपाटीवर महिनाभर चालणारा धडधाकट मनुष्य तेथे शंभर पावलांवर थांबतो. शिवाय चढण्याहून उतरणे गुडघ्यास अधिक छळते, हे शिक्षकाच्या भाच्याच्या छायाचित्रांत दिसत नव्हते.

आता हिंसा. या शब्दावर यात्रेकरू क्वचितच थांबतो. कारण यात्रेत हिंसा कसली, असे त्यास वाटते. पण आचार्यांचा अर्थ प्राणिपीडा हा आहे, आणि प्राण्यांत मनुष्यही आले. केदारच्या वाटेवरील खेचरे पाहावीत. २०२२ च्या यात्राकाळात त्या मार्गावर फार मोठ्या संख्येने खेचरे व घोडे मेले आणि तो विषय न्यायालयापर्यंत गेला. अतिभाराने, अपुऱ्या विश्रांतीने आणि थंडीने हे मुके जीव कोसळतात. आणि त्यांच्या पाठीवर कोण बसलेले असते? बहुतांशी ज्याला चालता येत नव्हते, पण या वर्षी ‘केदार झालाच पाहिजे’ असा ज्याचा हट्ट होता, तो. वृद्ध किंवा अपंग भाविकाने वाहन घेऊच नये असा याचा अर्थ नव्हे. घ्यावे, पण जनावर थकलेले आहे का, त्याला पाणी मिळाले का, दिवसात त्याच्या किती फेऱ्या झाल्या, हे विचारून घ्यावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर एक दिवस थांबावे. केदारेश्वराच्या दारी नंदी आहे, हे चढतानाही आठवावे.

मनुष्याच्या पीडेचे उदाहरण नर्मदेच्या तीरावर मिळते. दक्षिण तीरावर शूलपाणीची झाडी म्हणून जो डोंगराळ वनप्रदेश आहे, त्याचा काही भाग महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात येतो. महाराष्ट्राला नर्मदेचा काठ लाभला आहे तो केवळ तेवढाच. पूर्वीच्या परिक्रमावासीयांच्या कथांत ही झाडी लुटालुटीसाठी प्रसिद्ध असे. आज तेथील अनेक पाड्यांत आदिवासी बांधव यात्रेकरूस हाका मारून बोलावितात, चहा देतात, भाकरी देतात. सरदार सरोवर २०१७ मध्ये पूर्ण उंचीस बांधून झाले. त्या जलाशयाखाली या भागातील पुष्कळ शेते व वस्त्या गेल्या, आणि परिक्रमेची जुनी वाटही बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही बुडाले व नवे मंदिर गोरा येथे उभारले गेले. ज्यांची जमीन अशी गेली, त्यांच्या चुलीवरची भाकरी परिक्रमावासी खातो. भिक्षा हे परिक्रमेचे भूषण आहे, यात संशय नाही. त्यामुळे मनुष्याचा अहंकार झिजतो. परंतु एकट्या यात्रेकरूस भाकरी देणे वेगळे आणि चाळीस जणांच्या जथ्याने एका पाड्यावर उतरणे वेगळे. घेणाऱ्यास देणाऱ्याचे पीठ किती उरले हे दिसत नसेल, तर ती भिक्षा राहत नाही. म्हणून ज्याला समूहावाचून चालवत नाही, त्याने शिधा बरोबर ठेवता येईल अशीच यात्रा निवडावी. समूहाची शिस्त ज्या यात्रेत मुळातच बांधलेली आहे, ती वारी अशा मनुष्यास अधिक मानवते. तेथे दिंडी आपला शिधा आपल्याबरोबर नेते.

राहिले पौरुष. याचे सर्वांत बोलके विवेचन पुन्हा वनपर्वातच सापडते. पांडव तीर्थयात्रेस निघाले तेव्हा लोमश ऋषींनी युधिष्ठिरास परिवार कमी करण्यास सांगितले. मोजक्या लोकांनिशी प्रवास सुलभ होतो, असा त्यांचा उपदेश. त्यावर युधिष्ठिराने ज्यांना भूक, तहान, वाटेचे श्रम आणि थंडी सोसवणार नाही, अशा ब्राह्मणांना व यतींना परत फिरविले. आणि त्यांना नुसते वाऱ्यावर न सोडता त्यांच्या निर्वाहाची व्यवस्था सांगितली. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी सेवक आणि स्वयंपाकी मागे ठेवले. इतकेच काय, द्रौपदी, भीम, सहदेव यांनी गंगाद्वारी थांबावे आणि आपण नकुल व लोमशांसह पुढे जावे, असेही त्याने सुचविले होते. ते कोणी मानले नाही. सगळे निघाले, आणि गंधमादनाच्या वाटेवर वादळवाऱ्याने व श्रमाने द्रौपदी मूर्च्छित होऊन पडली. तेव्हा भीमाने घटोत्कचाचे स्मरण केले. त्याने द्रौपदीस उचलून घेतले, त्याच्या सोबत्यांनी पांडवांना, आणि सर्व जण बदरीस पोहोचले.

या कथेत गृहस्थाने ध्यानात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. धर्मराजासारखा मनुष्य यात्रेस निघताना कोणास नेऊ नये याची यादी करतो, आणि त्यात कोणाचाही अपमान मानीत नाही. आणि द्रौपदी उचलून नेली गेली म्हणून तिची बदरीयात्रा उणी ठरली, असे व्यासांनी कोठेही म्हटलेले नाही. पायीच गेले पाहिजे हा हट्ट कधीकधी भक्तीचा नसून देहाभिमानाचा असतो. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या व सहाव्या श्लोकांत दंभाने व अहंकाराने देहास छळणाऱ्या घोर तपाचा भगवंतांनी निषेध केला आहे, तो याच जातीच्या हट्टाचा.

पौरुष मोजावे कसे? अमरनाथाच्या दोन वाटा याचा चांगला धडा देतात. पहलगामहून जुनी वाट चंदनवाडी, शेषनाग, महागुणस, पंचतरणी अशी जाते. चंदनवाडीपासून पायी सुमारे ३२ किलोमीटर. बालतालहून अंतर १४ किलोमीटरच. नवखा यात्रेकरू आकडा पाहून बालताल निवडतो. पण लहान वाट ती कमी दिवसांची असते, कमी श्रमांची असतेच असे नाही. बालतालची चढण उभी आहे आणि पुष्कळ जण तेवढ्यात जाऊन-येऊन करू पाहतात. पहलगामच्या वाटेवर दोन-तीन मुक्काम पडतात, आणि त्या मुक्कामांत शरीर ३८८८ मीटर उंचीवरील गुहेच्या हवेशी हळूहळू जुळते. ज्याच्याजवळ दिवस आहेत त्यास लांब वाटच पुष्कळदा सोपी पडते. ज्याला पाठोपाठ मुक्कामांची थंडी सोसत नाही आणि ज्याची छाती दणकट आहे, त्यास दुसरी. या यात्रेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ते कोठून तरी मिळविण्याची युक्ती सांगणारे लोक भेटतात. त्या युक्तीने मनुष्य नोंदणी करणाऱ्यास फसवितो, पर्वतास फसवू शकत नाही.

घरच्या घरी करण्यासारखी परीक्षाही आहे. ज्या यात्रेत रोज २० किलोमीटर चालावयाचे आहे, तिच्यासाठी घरापासून १० किलोमीटर जाऊन परत यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. पहिल्या दिवशी कोणीही चालतो. काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

येथे एक शंका संभवते. असे चार प्रश्न विचारीत बसले तर कोणतीच यात्रा घडणार नाही; घरी कोणी ना कोणी आजारी असतेच, पैसा कधी पुरत नाही आणि गुडघा तर कोणाचाच नवा नसतो. शंका रास्त आहे. याच अध्यायाच्या आठव्या श्लोकात देहास क्लेश होतील या भयाने कर्म टाकणाऱ्याचा त्याग राजस ठरविला आहे आणि त्यास त्यागाचे फळ मिळत नाही असे म्हटले आहे. म्हणजे २५ वा श्लोक अविचारी मनुष्यास अडवितो, तर आठवा श्लोक भित्र्याच्या पाठीत हात घालतो. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण साधी आहे. चार शब्दांचा विचार करून जो मोठी यात्रा बाजूस ठेवतो, पण त्याच वर्षी आपल्या आवाक्यातील लहान यात्रा नेमाने करतो, त्याने विवेक केला. ‘परिक्रमा जमणार नाही’ म्हणून जो गावाबाहेरच्या देवळापर्यंतही पायी जात नाही, त्याने भयाला शास्त्राचे वस्त्र नेसविले. लहान यात्रांची या देशात वाण नाही. गिरनारची लीली परिक्रमा कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतची, सुमारे ३६ किलोमीटर. गोवर्धनाची सुमारे २१. अयोध्येची पंचकोशी कार्तिकातील देवोत्थान एकादशीस एका दिवसात होते. नर्मदेचीही चैत्र महिन्यात गुजरातेत तिलकवाडा व रामपुरा यांच्या परिसरात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, आणि ती एका दिवसात पुरी होते. तिच्यात नदी नावेने ओलांडावी लागते, म्हणून ती खरी परिक्रमा नव्हे असे काही कर्मठ म्हणतात. मोठ्या परिक्रमेचा नियम तिला लावण्याचे काही कारण नाही; तिची प्रथा तिची आहे.

शिक्षकाचे पुढे असे झाले, असे समजावे. त्याने वहीची पाने बाजूस ठेवली आणि प्रथम पत्नीस विचारले. ती म्हणाली, “सहा महिने तुम्ही नकाशे पाहताय, मला वाटलं एकट्यानंच जायचं ठरलंय.” मग दोघे आईपाशी बसली. आईचे माहेर इंदापूरचे. तिने सांगितले की, तुकोबांची पालखी गावात आली की तिची आई दिंडीतल्या लोकांना पिठले-भाकरी वाढीत असे. लहानपणी तीही मदतीस असे. “आमच्याकडून वाढणं झालं, चालणं कुणाचंच नाही झालं,” एवढेच ती बोलली. जा म्हणाली नाही, जाऊ नको असेही म्हणाली नाही.

भावास पत्र गेले. ज्येष्ठ-आषाढातले वीस दिवस बडोद्यास येऊन आईजवळ राहण्याचे त्याने कबूल केले. निरोप आलाच तर इंदापूर-अकलूजकडून मोटारीने एका दिवसात घर गाठता येते, हेही पाहून झाले. तुकोबांच्या पालखीमागील एका दिंडीत दोघांची वर्गणी भरली. गुडघ्यासाठी वैद्याचा सल्ला घेतला. चढाचा मार्ग नको आणि पाठीवर ओझे नको, असे त्याने सांगितले, आणि वारीत त्या दोहोंची सोय होती. चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा दोघांनी मिळून केली, तीच परीक्षा म्हणून. पत्नी शेवटपर्यंत चालली. शिक्षकास शेवटच्या टप्प्यात दोनदा बसावे लागले. म्हणून परत आल्यावर रोज पहाटेचे चालणे त्याने दुप्पट केले.

वहीतील नर्मदेचे पान त्याने फाडले नाही. त्यावर कार्तिक शुद्ध एकादशी ही तिथी लिहिली आणि वर्षाची जागा कोरी ठेवली.